नव्वद झाला की आणून सोडतो

माझं पोट ‘का’ या एका शब्दावर चालतं. नाशिकजवळ सातपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. एखादा भाग मापात बसला नाही, तर तो का बसला नाही हे शोधायचं, हे माझं काम. त्याची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. पांढऱ्या फळ्यासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, का? जे उत्तर येईल त्याला पुन्हा विचारायचं, का? असं पाच वेळा विचारेपर्यंत खरं कारण हाती लागतं म्हणतात. सगळे त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. नव्या मुलांना ते मीच शिकवतो आणि शिकवताना पहिल्यांदा ठासून सांगतो, की इथे माणसाला दोष द्यायचा नाही, पद्धतीला द्यायचा. ‘माप तपासायला गेज का लावला नाही?’ हा आरोप नाही, साधा प्रश्न आहे.

शिकवून शिकवून माझा त्यावर विश्वास बसला. समोरच्यांचा काही बसला नाही. एखाद्या ऑपरेटरला विचारावं, “का रे, या पार्टला गेज का नाही लावला?” तर तो म्हणतो, “सॉरी सर.” अरे, सॉरी नको, कारण सांग. “परत नाही होणार सर.” माझं डोकं फिरतं. गेज शेजारच्या मशीनवर गेला असेल, उजेड कमी पडत असेल, रात्री झोप झाली नसेल, काहीही असो, मला फळ्यावर लिहायला एक कारण हवं असतं. ते सोडून हा माणूस माफी मागत उभा. मला वाटायचं, यांना प्रश्नच कळत नाही.

मग माझी आई आमच्याकडे आली.

आई सायखेड्याला असते, माझ्या धाकट्या भावाकडे. वडील गेल्यावर आम्हा भावांत काही वाद झाले नाहीत. तिची सवय तिकडची, माणसं तिकडची, म्हणून ती तिकडे राहिली आणि आम्ही सणावाराला जात राहिलो. गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा पार कामातून गेला. ऑपरेशन नाशिकलाच करायचं होतं, तेव्हा ठरलं की ऑपरेशन आणि त्यानंतरचं सगळं माझ्याकडे. चालायला लागली की परत गावी. हे ठरवताना आई समोरच बसली होती. ती “बरं” म्हणाली.

आमची मुलगी शिकायला पुण्याला आहे, तिची खोली आईला दिली. मुलीची पुस्तकं माळ्यावर टाकली, पलंग खिडकीशी सरकवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन उत्तम झालंय, आता सगळं व्यायामावर. गुडघा वेळेत वाकला नाही तर आत जाम होतो. पुढच्या तपासणीपर्यंत नव्वद अंश वाकायलाच हवा, नाहीतर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. भूल म्हटल्यावर मी धास्तावलो. ऑपरेशनच्या वेळी शुद्धीवर येताना आईने आम्हाला ओळखलं नव्हतं, आणि ते अर्धा दिवस चाललं होतं. तो अर्धा दिवस मी दवाखान्याच्या जिन्यात काढला होता.

फिजिओथेरपीला एक मुलगी घरी यायची. हसरी, चटपटीत. तिने व्यायाम शिकवले. पलंगावर पाय लांब करून टाच आपल्याकडे ओढायची, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, काठावर बसून पाय लोंबता सोडायचा. तिच्याकडे कोन मोजायची पट्टी होती. ती पाहिल्यावर मला राहवेना. मी स्टेशनरीच्या दुकानातून मोठा कोनमापक आणला आणि ती नसेल त्या दिवशी स्वतः मोजायला लागलो. बायको म्हणाली, “आईंना ओके-रिजेक्टचा स्टिकर पण लावा आता.” आई हसली. मीही हसलो. पण मोजणं सोडलं नाही.

कोन पुढे सरकेना. सुरुवातीला भराभर वाढला, मग ऐंशीच्या आसपास अडकून बसला. फिजिओची मुलगी म्हणायची, “आजी, पाय ताठ धरू नका, सैल सोडा ना.” आई डोळे मिटून कण्हायची. शेजारच्या काकू दुपारी डोकावून जायच्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मला तर त्या नुसत्या बसलेल्याच दिसतात. म्हणजे व्यायाम होत नव्हता. मी फर्स्ट शिफ्ट करून चारच्या आत घरी यायचो, हातपाय धुवायचो, चहा व्हायच्या आधी खोलीच्या दारात उभा.

“आई, आज व्यायाम का नाही केला?”

ती डोक्यावरून पदर घ्यायची आणि लगेच टाच ओढायला लागायची. “करते की.”

“अगं, आत्ता कर असं नाही म्हणत मी. केला का नाहीस, ते विचारतोय.”

“चुकलं माझं.”

“चुकलं काय त्यात? दुखतं का?”

“नाय दुखत.”

“भीती वाटते?”

“कशाची भीती?”

“मग का?”

टाच पुढे-मागे होत राहायची आणि ती खिडकीबाहेर बघायची. मला कारखान्यातल्यासारखाच संताप यायचा, फक्त इथे आवाज चढवता येत नव्हता. म्हणजे चढवायचो नाही असं नाही. एकदा चढवला. “पुन्हा भूल द्यायला लागली तर काय करायचं, सांग ना!” असं ओरडलो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “देऊ दे की.” त्या ‘देऊ दे की’ने मला जेवण गेलं नाही.

बायको एका शाळेच्या ऑफिसात आहे, रोज पालकांशी बोलून तिला माणसं कळतात. तिने मला स्वयंपाकघरात घेतलं. “तुम्ही त्यांना रागावता कशाला?”

“मी रागावत नाही. विचारतो.”

“व्यायाम का नाही केला, हे विचारणं नसतं. ते केला नाहीस हे सांगणं असतं.”

“काहीतरीच. मग काल तू मला विचारलंस, अजून दूध का नाही आणलं, ते काय होतं?”

“ते दूध आणा म्हणून होतं,” ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. “बघा, म्हणजे तेही विचारणं नव्हतंच.”

मी हार मानणारा नाही. मी म्हटलं, मी लहान असताना तापाने पडलो की आई उशाशी बसून विचारायची, का रे जेवत नाहीस? त्यात कुठे होता आरोप? तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं, की तोंड कडू झालंय, की गिळताना दुखतंय, की भात नको भाकरी हवी. शब्द तेच. म्हणजे दोष शब्दांचा नाही. ऐकणाऱ्याने वाकडं ऐकलं तर मी काय करू? बायको कांदा चिरत होती. ती म्हणाली, “त्या उशाशी बसून विचारायच्या. तुम्ही दारात उभे राहून विचारता, हातात कोनमापक घेऊन.” मी फोडणीचा धूर फार होतोय अशी तक्रार केली.

दुसऱ्या दिवसापासून मी पलंगावर बसून विचारायला लागलो. शब्दही बदलले. “व्यायाम करताना काही अडचण येते का गं?” आई बायकोला म्हणाली, “तुझा नवरा आता सासूवानी गोड इचारतो, मला जास्तच भ्या वाटतं.” मग आपणहून सांगायला लागली. तिची सासू, म्हणजे माझी आजी, सकाळी ओट्यावर बसून विचारायची, आजून शेण का नाय काढलं? आजून पाणी का नाय आणलं? “आंगात ताप हाय म्हनलं, तर ते उलट उत्तर झालं. मंग दिवसभर तेच. सून उलट बोलती. म्हनून आपण काय बोलायचंच नाय. उठायचं आन् शेण काढायचं.” ती हे हसत सांगत होती. बायकोही हसली. मला मात्र आमच्या लाइनवरचा तो ‘सॉरी सर’ म्हणणारा आठवला आणि बरं वाटलं नाही. त्यालाही घरी किंवा शाळेत कोणीतरी हेच शिकवलं असणार, की ‘का नाही’ला कारण द्यायचं नसतं, मान खाली घालायची असते.

तरी मी सुटलो असं मला वाटलं. चला, कारण सापडलं. आईचा जुना व्रण आहे, माझा दोष नाही. व्हाय-व्हायमध्ये असंच होतं. दुसऱ्या-तिसऱ्या ‘का’ला एक बरं कारण मिळतं, त्यात आपण कुठे नसतो, आणि मग फळा पुसून चहाला जावंसं वाटतं.

रविवारी भावाचा फोन यायचा. स्पीकर लावून फोन आईच्या उशीवर ठेवायचो. भाऊ चांगला आहे. तो कांद्याचं सांगायचा, गोदेला पाणी किती सोडलंय ते सांगायचा, त्याच्या बायकोला मागून हाक मारून आईशी बोलायला लावायचा. मग विचारायचा, “दादा, आईचा गुडघा कुठवर आलाय?” आणि मी दर रविवारी मोठ्याने, उत्साहाने सांगायचो, “ऐंशी झालाय. नव्वद झाला की आणून सोडतो.”

मला वाटायचं, मी तिला हुरूप देतोय. आमच्याकडे लाइनवर टार्गेट लिहून ठेवतात, समोर आकडा दिसला की माणूस नेटाने काम करतो, असा आमचा समज. आईच्या उशीवर ठेवलेल्या फोनमध्ये मी दर आठवड्याला तिचं टार्गेट ओरडून सांगत होतो.

तपासणी जवळ आली होती. त्या दिवशी आमच्या लाइनचं एक मोठं प्रेस-मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाले दुपारनंतर येणार होते, तेव्हा काही जणांना लवकर सोडलं. मी जेवणाच्या वेळेलाच घरी पोचलो. आई एकटी असली तर उठायला लागू नये म्हणून माझ्या चावीने दार उघडलं. खोलीत ती नव्हती. वॉकर पलंगाला टेकवून ठेवलेला होता.

ती गॅलरीत होती. खुर्चीवर बसून मेथी निवडत होती, मांडीवर परात, खाली वर्तमानपत्र. आणि उजवा पाय खुर्चीखाली मागे ओढलेला होता, इतका मागे, की फक्त अंगठा फरशीला टेकला होता. मध्येच एक काडी खाली पडली, ती उचलायला तिने पाय अजून थोडा आत घेतला, सहज, आपण घेतो तसा. कोनमापक लावायची गरज नव्हती. माझ्या नजरेला तेवढी सवय आहे. नव्वद कधीच मागे पडला होता. शंभराच्याही पुढे होता तो.

नापास माल पास म्हणून खपवणारे मी खूप पाहिलेत. चांगला माल नापास करून दाखवणारं कोणी आजवर पाहिलं नव्हतं. ती दुपारी घरात एकटी व्यायाम करत होती, वॉकरशिवाय गॅलरीपर्यंत चालत होती, आणि काकूंची चाहूल लागली की, माझी मोटारसायकल किंवा बायकोची स्कूटर खाली वाजली की, पाय ताठ करून बसत होती. त्या फिजिओच्या मुलीसमोर ती कण्हायची ते दुखण्याने नव्हतं. वाकणारा पाय जोर लावून वाकू न देणं हे किती कष्टाचं असतं, ते मला त्या क्षणी कळलं.

“आई.”

तिने दचकून पाय पुढे टाकला. परात कलंडली. “तू आत्ता कसा काय?”

“पाय वाकतोय तुझा. चांगला वाकतोय. मग आम्हाला का नाही दाखवत?”

तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. तिचा हात पदराकडे गेला. “चुकलं माझं,” ती म्हणाली. तिचा चेहरा शाळेत पकडल्या गेलेल्या मुलीसारखा झाला होता. मला रडू आलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा चेहरा माझ्यामुळे तसा व्हावा याची लाज वाटली, आणि तिने आम्हाला इतके दिवस फसवलं याचा रागही आला. दोन्ही एकदम आलं. भुलीचं बोलणं ऐकूनही तिने पाय वाकवून दाखवला नव्हता. ‘देऊ दे की’ म्हणाली होती, ते तिने विचार करून म्हटलं होतं.

मी खाली वर्तमानपत्राशेजारी बसलो आणि सांडलेली मेथी गोळा करून निवडायला लागलो. बराच वेळ आम्ही दोघं मेथी निवडत होतो. मी मुळं काढताना पानंही तोडत होतो, तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. समोरच्या इमारतीत कोणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. आईने हळूहळू पाय पुन्हा खुर्चीखाली घेतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“दादा, येक इचारू?” ती परातीत बघत म्हणाली. भावाचं ऐकून ऐकून तीही मला दादाच म्हणते.

“विचार की.”

“तू मला हितंच ऱ्हाय असं का म्हनत नाय?”

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी राग शोधला, रुसवा शोधला. टोमणा असता तरी चाललं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं. तिथे काही नव्हतं. बस अजून का आली नाही, असं थांब्यावर शेजारच्याला विचारावं तसं तिने विचारलं होतं. तिला खरंच माहीत नव्हतं आणि खरंच जाणून घ्यायचं होतं. तापात मला ‘जेवत का नाहीस’ विचारायची, तोच आवाज होता. आयुष्यभर ज्या प्रश्नाने तिला नुसतं मारलं, तो तिने माझ्यासमोर असा स्वच्छ ठेवला, जसा मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवतो आणि मला स्वतःला कधी जमला नाही.

कारणं होती. तुला गावीच करमतं असं वाटलं. पण तिला कधी विचारलं होतं मी? भावाला वाईट वाटेल. पण त्याला तरी कुठे विचारलं होतं? मुलगी सुट्टीत आली की तिला खोली लागते. ती आजीजवळ झोपायला एका पायावर तयार असते. बायकोवर ढकलायचीही सोय नव्हती, कारण तिने मागेच एकदा म्हटलं होतं, आई असल्या की घर भरल्यासारखं वाटतं, आणि मी ते ऐकून पेपर वाचत राहिलो होतो. एकेका कारणाला मनातल्या मनात ‘का’ विचारत गेलो आणि एकेक पुसलं गेलं. खाली जे उरलं ते असं, की मला तसं सुचलंच नव्हतं. आई म्हणजे गावी असते. ती इथे येते ती बरी होण्यासाठी. रोज कामावरून येऊन दारात उभा राहून ‘व्यायाम का नाही केला’ असं मी विचारत होतो, तेव्हा मला तिचा गुडघा बरा व्हायला हवा होता हे खरं. पण त्यात ‘अजून गेली का नाहीस’ हेही कुठेतरी होतं का? तिने ते ऐकलं होतं. मी होतं म्हणू शकत नाही आणि नव्हतं असंही शपथेवर सांगू शकत नाही.

ती थांबली होती. परातीतली मेथी संपली होती, तरी हात फिरवत होती.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“ते नाय इचारलं रं,” ती म्हणाली. “कारण इचारलं.”

मी मान खाली घातली. ‘राहा इथेच’ एवढं म्हणायला काही लागत नव्हतं, दोन शब्द होते. पण तिने मागितल्यावर ते म्हणायचे म्हणजे दूध आणा म्हटल्यावर दूध आणल्यासारखं झालं असतं, असं काहीतरी मनात आलं, आणि ते मनात घोळवत मी तसाच बसून राहिलो. ते तरी खरं कारण होतं का, तेही मला ठाऊक नाही.

खाली फाटकाशी बायकोच्या स्कूटरचा आवाज आला. आईने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग परात बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी मांडी धरली आणि उजवा पाय हळूहळू सरळ केला.